खोटी दाढी, खरं प्रेत आणि वॉर्सातली नाटक कंपनी: यात हसायचं की नाही?

रंगपेटी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी बँकेतनं रिटायर झालेला माणूस. पण चाळीस वर्षं खरा जीव रंगपेटीत. हौशी नाटकं, शाळांची गॅदरिंग, गणपतीतले जिवंत देखावे, कुठंही कुणाला दाढी-मिशी लावायची असली की मला बोलावणं यायचं. त्यामुळं सिनेमा बघताना माझी नजर आधी नटाच्या कानाखाली जाते. दाढीची कड कुठं संपते ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

गेल्या रविवारी पुण्याची लेक आली होती. तिनं लॅपटॉपवर 'टू बी ऑर नॉट टू बी' लावून दिला. १९४२ चा, काळा-पांढरा, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. नावावरनं मला वाटलं हॅम्लेट असणार. निघालं भलतंच. वॉर्सातली एक नाटक कंपनी, शहरात जर्मन फौजा शिरलेल्या, आणि हे नट नाझींचे कपडे घालून नाझींनाच गंडवतायत. शेजारी आई बसली होती. वय ८६. तिला इंग्रजी येत नाही. दर पाच मिनिटांनी तिचा एकच प्रश्न, "ह्यो दाढीवाला खरा का खोटा?" आणि खरं सांगतो, निम्म्या वेळा मलाही सांगता येईना.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी दाढीचा प्रसंग सांगतो, कारण माझा प्रश्न त्याच्यावरच आहे.

सिलेट्स्की नावाचा एक प्रोफेसर. याची दाढी खरी. लंडनमध्ये पोलिश वैमानिकांत मिसळून यानं त्यांच्या वॉर्सातल्या नातेवाइकांची नावं-पत्ते गोळा केलेत आणि ते गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हातात द्यायला निघालाय. कंपनीवाले त्याला अडवतात, तो मरतो. मग कंपनीचा मुख्य नट जोसेफ टुरा तशीच दाढी लावतो, सिलेट्स्की बनतो आणि गेस्टापोच्या कर्नल एरहार्टसमोर जाऊन बसतो. हे जमतं. पण पुढं खऱ्या सिलेट्स्कीचं प्रेत सापडतं आणि टुराला त्याचा पत्ताच नाही. तो ऐटीत पुन्हा कर्नलकडं जातो. कर्नल गोड बोलून त्याला एका खोलीत बसवतो. खोलीत खुर्ची, खुर्चीत मेलेला सिलेट्स्की. दार बंद. बाहेर कर्नल मजेत वाट बघतोय, आता आत याला कसा घाम फुटतो म्हणून.

टुराच्या खिशात एक जादाची दाढी असते. तो वस्तऱ्यानं प्रेताची खरी दाढी उतरवतो, तिथं खोटी चिकटवतो, आणि मग कर्नलच्याच डोक्यात असं भरवतो की त्यानंच ती ओढून बघावी. कर्नल ओढतो. दाढी हातात. खरा माणूस खोटा ठरला, खोटा खरा.

मी खुर्चीतनं उठून उभाच राहिलो. लेक म्हणाली, "बाबा, बसा."

आता माझी गोष्ट ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळानं अफझलखान वधाचा जिवंत देखावा केला होता. खानाची दाढी मी लावलेली. पावसाळी दमट हवा, वर हॅलोजन, आणि स्पिरिट गमची, म्हणजे दाढी चिकटवायच्या गोंदाची, बाटली तळाला आलेली. गळाभेट झाली, महाराज मागं सरले, आणि खानाची आख्खी दाढी महाराजांच्या अंगरख्याच्या बंदाला लोंबत आली. खान उघड्या हनुवटीनं खंजीर उपसून उभा. गल्ली हसून लोळली. पुढच्या दिवसांत लोक वध बघायला नाही, दाढी पडते का ते बघायला यायला लागले. मंडळानं मला नारळ दिला.

म्हणजे भानगड तीच. दाढी निघाली. पण आमच्याकडं ती नुसती फजिती, आणि त्या सिनेमात हसता हसता माझा घसा कोरडा पडला. हे कशानं होतं? जाणकारांनी सांगावं.

दुसरा प्रश्न आईचा. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते ४८. पाचएक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आता आपण कापड आणायला गांधीनगरला जातो ना, तीच जागा. आईचे वडील छावणीत दूध घालायचे आणि आई पाच-सहा वर्षांची, किटलीचं झाकण सांभाळत मागनं जायची. सिनेमात वॉर्सा बॉम्बनं पडलेलं दिसलं तशी आई गप्प झाली. मग म्हणाली, "वळिवड्याची माणसं हितनंच आलती व्हय?" मी हो म्हटलं. "मग ह्यात हसायला काय हाय?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

---

जुनी_रिळं

रंगपेटी काका, आईंनी विचारलेला "खरा का खोटा" हाच या सिनेमाचा कणा आहे. तो पहिल्या मिनिटापासून सुरू होतो. ऑगस्ट १९३९, वॉर्साचा रस्ता, लोक तोंडाचा आ करून उभे, आणि फुटपाथवर चक्क हिटलर. एकटा. मांसाचे तयार पदार्थ विकणाऱ्या एका दुकानाच्या काचेतून आत बघतोय. निवेदक म्हणतो, हा तर शाकाहारी, पण पथ्य नेहमी पाळतो असं नाही, कधीकधी देशच्या देश गिळतो. मग कळतं, तो ब्रॉन्स्की नावाचा दुय्यम नट आहे. कंपनी 'गेस्टापो' नावाचं नाटक बसवतेय आणि निर्मात्यानं त्याच्या रंगभूषेला नाक मुरडलंय, की मला तर नुसता एक छोट्या मिशीचा माणूस दिसतो. ब्रॉन्स्की पेटतो आणि खात्री पटवायला तसाच रस्त्यावर येतो. सगळं वॉर्सा फसतं. एक लहान मुलगी मात्र पुढं येऊन म्हणते, मिस्टर ब्रॉन्स्की, सही द्याल का?

तुमच्या धंद्याची अख्खी हकीकत त्या एका वाक्यात आली की नाही?

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. "तिथं जीव जाणार होता, तुमच्या गल्लीत नाही" हे सोपं उत्तर आहे, पण पुरेसं नाही. जिवावर बेतलेले हेरपट ढिगानं आहेत, त्यात कुणी हसत नाही. माझं मत असं की इथं हसू येतं ते टुराच्या नटपणामुळं. हा माणूस मरणाच्या दारातसुद्धा टाळीची वाट बघतो.

मागचा एक प्रसंग आठवा. खऱ्या सिलेट्स्कीकडून कागद काढून घ्यायला कंपनी नाटकगृहातच गेस्टापोचं खोटं ऑफिस उभारते आणि टुरा खोटा कर्नल एरहार्ट बनतो. संवाद लिहिलेले नाहीत, वेळ काढायचाय. सिलेट्स्की सांगतो की लंडनमध्ये तुम्हाला कॉन्सन्ट्रेशन कॅम्प एरहार्ट म्हणतात. टुरा खूश होऊन गडगडाटी हसतो, "अच्छा, म्हणजे मला कॉन्सन्ट्रेशन कॅम्प एरहार्ट म्हणतात तर!" थोड्या वेळानं बोलायला काही उरत नाही, तेव्हा पुन्हा तेच. मग पुन्हा तेच. हौशी रंगभूमीवर वावरलेल्या माणसाला हे बघवत नाही. संवाद विसरलेला नट आठवलेल्या एकाच वाक्याला कसा धरून बसतो ते आपण सगळ्यांनी विंगेतून पाहिलंय. शेवटी टुराचं बिंग फुटतं ते कशानं? बायकोवरच्या संशयानं. सिलेट्स्की बोलता बोलता सांगतो की लेफ्टनंट सोबिन्स्कीनं मारिया टुराला एक सांकेतिक निरोप पाठवलाय, 'टू बी ऑर नॉट टू बी'. झालं. हेरगिरी बाजूला आणि नवरा जागा. कारण टुरा हॅम्लेट करत असताना नेमक्या त्याच स्वगताला एक तरुण अधिकारी रांगेतून उठून बाहेर जायचा, तो का जायचा ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरतं.

आणि मग याच पेरणीचं पीक. पुढे टुरा सिलेट्स्की बनून खऱ्या कर्नल एरहार्टसमोर बसतो आणि तेच वाक्य टाकतो, लंडनमध्ये तुम्हाला असं असं म्हणतात. खरा कर्नल गडगडाटी हसतो आणि शब्दशः तेच बोलतो. टुराचा चेहरा बघा. तुम्ही असंच म्हणाल असं मला वाटलंच होतं, म्हणतो. म्हणजे आपण केलेला भिकार अभिनय अगदी बरोबर होता! कुठल्याही स्पर्धेच्या परीक्षकानं नटाला एवढं मोठं सर्टिफिकेट दिलेलं नाही.

एक गोष्ट तुम्ही सांगायची राहिली. दाढीचा डाव जमला, कर्नल माफी मागतोय, टुरा सुटला, इतक्यात त्याचे साथीदार जर्मन अधिकाऱ्यांच्या वेषात धाडधाड आत येतात आणि त्याला "वाचवायला" त्याचीच दाढी सर्वांसमोर ओढून काढतात! जिच्यासाठी एवढा आटापिटा केला ती दाढी मित्रांच्याच हातात. अफझलखानाचा देखावा हाच की. फरक इतकाच की तुमच्या दाढीवर कुणाचा जीव टांगलेला नव्हता. इथं आधीच्या दहा मिनिटांत त्या केसांच्या पुंजक्याची किंमत आपल्याला पैन् पै कळलेली असते.

---

आभा_नाशिक

मी हा सिनेमा अर्ध्यात बंद केला. तंत्र वगैरे मान्य. पण 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प एरहार्ट' हा विनोद पहिल्यांदा आला तेव्हाच पोटात गोळा आला आणि तो दर वेळी मोठा होत गेला. दोन वर्षांपूर्वी पोलंडला गेले होते तेव्हा आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत जाऊन आले. तिथं एका काचेमागं माणसांचे केस ठेवलेत. त्यानंतर दाढी ओढण्याच्या गमतीवर मला हसता आलं नाही. हसणाऱ्यांना दोष देत नाहीये. काकांच्या आईंचा प्रश्न मात्र मला बरोबर वाटतो.

---

जुनी_रिळं

आभाताई, तुमच्या पोटातल्या गोळ्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त तारखा सांगतो. चित्रीकरण १९४१ च्या अखेरीस झालं, ते चालू असतानाच पर्ल हार्बर घडलं. 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकाला विरोधकांना डांबायचे क्रूर तुरुंग. तुम्ही जे पाहून आलात ते सिनेमा बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

आणि बनवणारा परका नव्हता. लुबिच बर्लिनचा ज्यू, शिंप्याचा मुलगा. विसाव्या वर्षाच्या आसपास माक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत बारीकसारीक भूमिका करायचा. नाझींनी त्याचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं होतं. म्हणून तर कंपनीतल्या ग्रीनबर्गची गोष्ट आहे. हातात भाला घेऊन मागे उभं राहण्याच्या भूमिका करणारा हा माणूस जन्मभर एकच स्वप्न बघतो, शेक्सपिअरच्या नाटकातला ज्यू सावकार शायलॉक करायचा. सिनेमात तो शायलॉकचं भाषण तीनदा म्हणतो. एकदा हौसेनं, एकदा उद्ध्वस्त शहरात दबक्या आवाजात, आणि शेवटी नाटकगृहात नाझी सैनिकांच्या गराड्यात, ब्रॉन्स्कीच्या खोट्या हिटलरसमोर. 'ज्यू' हा शब्द मात्र कुठंही येत नाही. भाषणातूनसुद्धा काढलाय. आम्हाला डोळे नाहीत का, एवढंच. त्या वेळी कुणी हसत नाही, निदान माझ्या घरात तरी नाही.

तुमच्यासारखं वाटणारे तेव्हाही होते. न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक बॉस्ली क्राउदर यानं सिनेमा झोडपला होता. सगळ्यात जास्त राग आला तो एका वाक्याचा. वेष बदललेला टुरा कर्नलला हळूच विचारतो, तो थोर पोलिश नट जोसेफ टुरा, त्याला पाहिलंय का कधी? (बघा, जीव टांगणीला आणि हा स्तुती गोळा करतोय.) कर्नल म्हणतो, हो पाहिलाय, त्यानं शेक्सपिअरचं जे केलं तेच आम्ही आता पोलंडचं करतोय. जवळच्या लोकांनी सांगूनही लुबिचनं ते वाक्य काढलं नाही.

काढलं ते दुसरंच. मारियाचं काम करणारी कॅरोल लोम्बार्ड १६ जानेवारी १९४२ ला विमान अपघातात गेली. युद्धरोखे विकायला इंडियानाला गेली होती, परत येताना. वय ३३. सिनेमा तयार होता. त्यात तिच्या तोंडी एक वाक्य होतं, विमानात असं काय होणार आहे? ते कापलं.

टुरा झालेला जॅक बेनी रेडिओवरचा विनोदवीर. त्याचे वडील सिनेमा बघायला गेले आणि मुलगा नाझी गणवेशात दिसताच उठून चालते झाले. बेनीनं समजावून पुन्हा नेलं. पुढे त्यांनी तो ४६ वेळा पाहिला, असं बेनी सांगायचा. विनोदवीराचा आकडा आहे, हवा तेवढा धरा.

---

पंचगंगेकाठी

रंगपेटी, एक दुरुस्ती. आईंना "हो" म्हणालात ते चुकलं.

वळिवड्याची बहुतेक माणसं वॉर्साची नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंड दोन बाजूंनी खाल्लं गेलं. १ तारखेला पश्चिमेकडून जर्मनी, १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. पूर्व भागातल्या लाखो लोकांना रशियानं गुरांच्या डब्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं. जंगलतोड, थंडी, उपासमार. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला तेव्हा कुठं त्यांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेत, बायकापोरं इराणमार्गे जिकडे जागा मिळेल तिकडे. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी मुलांना ठेवून घेतलं, आणि आपल्याकडे वळिवडे. म्हणजे आईंनी पाहिलेल्या बायकांनी वॉर्सातला गेस्टापो नाही, सायबेरियातलं बर्फ पाहिलं होतं.

तुमच्या प्रश्नासाठी कामाची गोष्ट पुढं आहे. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, आणि नाटकं व्हायची, सिनेमे दाखवले जायचे. सगळं हरवून आलेल्या माणसांनी बराकींच्या वस्तीत आधी रंगमंच उभा केला. हे मला लुबिचच्या कंपनीपेक्षा वेगळं वाटत नाही. महावीर गार्डनमधला त्यांचा स्मृतिस्तंभ आपण सगळ्यांनी पाहिलाय, आणि तिकडे वॉर्सातही कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले तेव्हा आमच्या कट्ट्यावर पहिल्यांदा बऱ्याच जणांना कळलं की गांधीनगरच्या आधी तिथं काय होतं.

आईंना विचारा की, त्यांना छावणीतलं नाटक-बिटक काही आठवतं का?

---

ढोलकी_ते_उकुलेले

अवांतर आहे, पण युद्धकाळातला अस्सल धांदलपट हवा असेल तर ब्रिटनचा 'लेट जॉर्ज डू इट' बघा, १९४० चा. जॉर्ज फॉर्म्बी, दातपुढा, भोळा, हातात उकुलेले. ब्लॅकआउटमुळं अंधार, याला जायचं ब्लॅकपूलला आणि चढतो नॉर्वेच्या बर्गनला जाणाऱ्या बोटीत. तिथं सगळे याला ब्रिटिश हेर समजतात. बँडचा म्होरक्या रेडिओवरच्या गाण्यांच्या सुरांत ब्रिटिश जहाजांची बातमी लपवून जर्मन पाणबुड्यांना पोचवतोय. स्वप्नात जॉर्ज थेट हिटलरच्या सभेत उतरून त्याला ठोसे लगावतो. खोली शून्य, हसू शंभर टक्के. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीनं नॉर्वे खरोखरच घेतला, त्यामुळं त्यातलं बर्गन बघताना आज जरा कसंतरी होतं, एवढंच.

---

हेमंत_ग्लासगो

शेवटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. कंपनी हिटलरच्या विमानातून निसटते आणि ब्रॉन्स्की हिटलरच्या वेषातच पॅराशूटनं स्कॉटलंडमध्ये एका गवताच्या गंजीवर पडतो. दोन शेतकरी बघतात. एक म्हणतो, आधी तो हेस आला, दुसरा म्हणतो, आता हा.

इथं राहणाऱ्याला हे फार आवडतं, कारण हेसचं प्रकरण खरं आहे. १० मे १९४१ च्या रात्री हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस एकटा विमान घेऊन आला आणि ग्लासगोच्या दक्षिणेला इगलशमजवळच्या शेतात पॅराशूटनं उतरला. पहिल्यांदा भेटला तो एक शेतमजूर, हातात गवत उचलायचा काटा. हेसनं नाव सांगितलं, कॅप्टन आल्फ्रेड हॉर्न. तोतयेगिरी करायची तर निदान जरा बरं नाव घ्यायचं! त्याला घरात नेऊन चहा विचारला, त्यानं पाणी मागितलं. मी सायकलवरून त्या गावाला दोनदा जाऊन आलोय. कुरणं, मेंढ्या, एक बरा पब. असं काही घडेल असं जराही वाटत नाही.

---

सुभेदाराचा_नातू

नटानंच शत्रूला फसवल्याचं खरं उदाहरणही आहे. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईआधी जर्मनांना वाटावं की ब्रिटिश जनरल माँटगोमेरी भूमध्य समुद्राकडे गेलाय, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा माणूस शोधला. क्लिफ्टन जेम्स, मूळचा रंगमंचावरचा नट, फौजेत पगारखात्यात लेफ्टनंट. मेच्या शेवटी त्याला माँटी बनवून जिब्राल्टरला आणि मग अल्जिअर्सला पाठवलं. जर्मन हेरांनी बघावं अशीच व्यवस्था.

रंगपेटींसाठी खास: जेम्सचं एक बोट पहिल्या महायुद्धात गेलं होतं, माँटीची दहाही शाबूत. खोटं बोट करून बसवलं. शिवाय माँटी दारू-सिगारेटला शिवायचा नाही आणि जेम्सला दोन्ही प्रिय. रंगभूषा एक वेळ जमते, पण चार माणसांत सिगारेट न ओढणं हा खरा अभिनय. पुढं १९५८ मध्ये यावर सिनेमा निघाला, त्यात जेम्सनं स्वतःचं आणि माँटीचं अशी दोन्ही कामं केली.

---

रंगपेटी_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. खोट्या बोटाची गोष्ट वाचून मी दिवसभर स्वतःच्या बोटांकडं बघत होतो. मेणाचं असेल तर उन्हात वितळणार, रबराचं असेल तर सॅल्यूट करताना हलणार. झोप येईना.

पंचगंगेकाठी, चूक कबूल. आईला सांगितलं की ती माणसं वॉर्साची नव्हती, रशियातनं आली होती. ती म्हणाली, "मग तसं सांग की. त्यास्नी आमच्या थंडीत घाम याचा." नाटकाचं विचारलं. नाटक आठवत नाही. पण एक आठवलं. एका बराकीसमोर चार-पाच पोरी कागदाचे मुकुट घालून काहीतरी म्हणत होत्या आणि एक बाई भिंतीला टेकून एवढी हसत होती की आजोबा दूध मापायचं थांबून तिच्याकडं बघत राहिले. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. "ती कशाला हसत हुती कुणास ठावं," आई म्हणाली, "पर तिचं बघून बाबा बी हसले." तीच आई, जिनं रविवारी विचारलं की ह्यात हसायला काय हाय. मी तिला ते बोलून दाखवलं नाही.

आभाताई, तुमचं केसांचं वाचल्यावर मी क्रेपची, म्हणजे खोट्या दाढीच्या केसांची, पिशवी हातात घेऊन थोडा वेळ तसाच बसलो. बाकी काही लिहीत नाही.

जुनी_रिळं, तुमचं पटलं, आणि त्यावरनं देखावा पुन्हा आठवला. खानाचं काम करणारा आमचा पेंटर. दाढी गेल्यावर लोक हसतायत आणि हा काय करत होता माहितेय? एका हातानं हनुवटी झाकून दुसऱ्या हातानं वार करत होता, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. मरतानासुद्धा हात हनुवटीवरच. त्या वेळी मी विंगेत मान खाली घालून बसलो होतो, हे दुसऱ्यांनी सांगितलं. आता वाटतं, बघायला पाहिजे होतं.

एक तांत्रिक शंका मात्र कुणीच काढली नाही, ती मीच काढतो आणि मीच सोडवतो. घाईत हे एवढं काम होईल का? काल दुपारी करून बघितलं. प्रेत मिळणं शक्य नव्हतं, म्हणून स्वतःवर. कपाटाच्या आरशासमोर वस्तऱ्यानं गुळगुळीत केली, लगेच स्पिरिट गम लावला. मंडळी, ताज्या दाढीवर स्पिरिट गम म्हणजे गालाला निखारे. डोळ्यांतनं पाणी आलं. टुराचं गिऱ्हाईक मेलेलं होतं, ही त्यातली मोठी सोय. शिवाय गम लावल्यावर जरा थांबावं लागतं, बोटाला चिकट लागला की मग दाढी टेकवायची आणि ओल्या फडक्यानं दाबून धरायची. नाहीतर कड उचलते. थंड पडलेल्या कातडीवर तो कसा धरतो ते देव जाणे. आधीच शिवलेली जाळीची दाढी होती म्हणून सगळं मिळून नऊ मिनिटं लागली. क्रेप सुटा असता तर पाऊण तास. नऊ मिनिटांत बाहेरचा कर्नल दोन चहा पिऊन आत आला असता. पण माझे हात आता थरथरतात, टुरा तरुण होता. जमलं असेल, असं मी लिहून देतो.

ती दाढी-मिशी तशीच ठेवून मी काठी टेकत स्वयंपाकघरात गेलो. खाकरून, आवाज बदलून विचारलं, "अहो बाई, रंगभूषाकार इथंच राहतात का?"

आईनं मान वर केली. क्षणभर बघितलं.

"मिशी डावीकडं उतरलीया," म्हणाली. "आन् दूध बघ, वर यायलंय."